हेडसेटमधला वॉर्ड: वैद्यकीय शिक्षणात एकत्र शिकण्यासाठी व्हीआर

व्हर्च्युअल रिॲलिटी (व्हीआर) म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. डोळ्यांवर हेडसेट चढवलेला एकटा विद्यार्थी हवेत हात हलवतोय आणि बाकीचे त्याच्याकडे बघत उभे आहेत. वैद्यकीय आणि नर्सिंग कॉलेजांत घेतलेले हेडसेट पुष्कळदा असेच वापरले जातात. त्यातून शरीररचना छान दिसते, पण या साधनाचा मोठा उपयोग बाजूलाच राहतो. चार-पाच जणांनी एकाच आभासी वॉर्डात, एकाच रुग्णाभोवती उभं राहून, एकमेकांशी बोलत काम करणं हा तो उपयोग. वॉर्डातल्या बऱ्याच चुका ज्ञान कमी पडल्यामुळे होत नाहीत. एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्या होतात. पोहोचवायची सवय पुस्तकातून लागत नाही.

ही समज वैद्यकशास्त्रात विमान वाहतुकीतून आली. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन बोइंग 747 विमानं एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. धावपट्टी मोकळी झाली आहे का, ही शंका कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती, पण कॅप्टनने ती मनावर घेतली नाही. 1979 मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि वैमानिकांना एकत्र काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. पुढे 1990 च्या आसपास स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड गाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच कल्पना भूलशास्त्रात आणली. आजच्या सगळ्या टीम-सिम्युलेशनचं, म्हणजे खऱ्यासारख्या रचलेल्या प्रसंगात टीमने करायच्या सरावाचं, मूळ तिथे आहे. हेडसेट हे त्यातलं सर्वांत नवं साधन.

एक प्रसंग जवळून पाहू

विषय नीट कळावा म्हणून एकच प्रसंग घेऊ. वॉर्डात रुग्णाचं हृदय अचानक बंद पडलंय. टीम पाच जणांची: एक लीडर, एक छाती दाबणारा, एक अंबू बॅग (श्वास देण्यासाठी हाताने दाबायची पिशवी) धरणारा, एक औषधं देणारी नर्स आणि एक मॉनिटर-डिफिब्रिलेटर (हृदयाची रेषा दाखवणारं आणि गरज पडली तर विजेचा शॉक देणारं यंत्र) सांभाळून वेळेची नोंद ठेवणारा.

यातलं वैद्यकीय ज्ञान सगळ्यांनी आधीच वाचलेलं असतं. मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबायची, प्रौढ माणसात 5 ते 6 सेंटिमीटर खोल. श्वासनळीत नळी घातलेली नसेल तर 30 दाबांनंतर 2 श्वास. दर 2 मिनिटांनी दाबणारा बदलायचा. मधला कुठलाही खंड 10 सेकंदांच्या वर जाऊ द्यायचा नाही. ॲड्रेनलीन 1 मिलीग्रॅम, दर 3 ते 5 मिनिटांनी. परीक्षेत हे सगळेच लिहितात. पाच जण एका खाटेभोवती आले की मात्र वेगळंच घडतं. दोघं एकाच सिरिंजकडे हात नेतात, घड्याळाकडे कुणाचंच लक्ष नसतं आणि लीडर स्वतःच लाइनसाठी, म्हणजे औषधाची सुई घालायला, शीर शोधत बसतो.

आता पहिल्या दोन मिनिटांनंतरचा क्षण बघा. छाती दाबणं थांबवलंय. मॉनिटरजवळचा विद्यार्थी म्हणतो, “रिदम दिसतोय, मिनिटाला चाळीस, कॉम्प्लेक्स रुंद आहेत.” म्हणजे पडद्यावर ठोक्यांची रेषा आहे, पण तिच्या लाटा नेहमीपेक्षा रुंद आहेत. हे ऐकून अर्ध्या टीमचा जीव भांड्यात पडतो. पण मानेवर बोटं ठेवलेला विद्यार्थी सांगतो, “नाडी लागत नाही.” पडद्यावर रेषा हलतेय आणि नाडी नाही, याचा अर्थ हृदयात विद्युत हालचाल आहे पण रक्त पुढे जात नाही. इथे शॉकचा उपयोग नाही. लगेच छाती दाबायला लागायचं, ॲड्रेनलीन द्यायचं आणि कारण शोधायचं. एकट्या मॉनिटरकडे बघणाऱ्याला किंवा एकट्या नाडी बघणाऱ्याला हे निदान करता येत नाही. दोघांचं बोलणं एकत्र आलं तरच ते होतं.

चांगल्या रचनेच्या व्हीआर प्रसंगात नाडी ‘लागते’ ती हातात धरलेल्या कंट्रोलरच्या थरथरीतून, आणि ज्याची आभासी बोटं मानेवर आहेत त्यालाच. बाकी चौघांना ती कळायचा मार्ग एकच: त्याने मोठ्याने सांगणं.

माहिती वाटून टाका

सगळ्या खटाटोपाचा कणा हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबू. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 1971 साली एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने शाळांसाठी जिगसॉ पद्धत आणली. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होत नाही. व्हीआरमध्ये ही गोष्ट फार नेटकी जमते, कारण कुणाला काय दिसावं आणि काय ऐकू यावं हे प्रत्येक हेडसेटसाठी वेगळं ठरवता येतं.

आपल्या प्रसंगातला रुग्ण डायलिसिसवरचा आहे असं धरा. चादर बाजूला केल्यावर डाव्या हातावरचा फिस्च्युला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली शीर) फक्त नर्सला दिसतो. रुंद कॉम्प्लेक्स फक्त मॉनिटरवाल्याला. टेबलावरच्या फाइलमध्ये सकाळचा रिपोर्ट आहे, पोटॅशियम 7.4, म्हणजे धोक्याइतकं जास्त, पण पानं उलटण्याएवढी उसंत फक्त अंबू बॅगवाल्याला मिळते, दोन श्वासांच्या मधे. दाराशी नातेवाईक पुटपुटतोय, “दोन डायलिसिस चुकले हो, गाडीच मिळाली नाही.” हा आवाज आभासी खोलीत दोन मीटरच्या आतच ऐकू येतो, म्हणजे दाबून थकलेला आणि दाराकडे सरकलेला विद्यार्थीच तो ऐकतो. लीडरला खाट, माणसं आणि घड्याळ याखेरीज काहीच मिळत नाही. त्याने विचारलं, “कारण काय असेल? कुणाला काय दिसतंय?” आणि चौघं बोलले, तर डायलिसिस चुकल्यामुळे वाढलेल्या पोटॅशियमने हृदय थांबवलंय हे कोडं वीस सेकंदांत सुटतं आणि हृदयाला त्यापासून सांभाळणारं 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 30 मिलिलिटर शिरेतून जातं. नाही विचारलं, तर पाचही जण आपापलं काम अचूक करत राहतात आणि रुग्ण जातो.

बाजारातल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा सगळ्यांना सगळंच दिसतं. त्यावर साधा उपाय आहे. हेडसेट घालण्याआधी प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्या: “तुम्ही सकाळी या रुग्णाचा रिपोर्ट पाहिला होता. कुणी विचारलं किंवा गरज वाटली तरच सांगा.” काम होतं. चिठ्ठ्या आणि सरावाचा पुतळा घेऊन हेडसेटशिवायही यातलं बरंच करता येतं आणि हेडसेट नसलेल्या कॉलेजांनी ते जरूर करावं. हेडसेटमुळे तीन गोष्टी वाढतात: वेगवेगळ्या गावांतले नर्सिंगचे आणि एमबीबीएसचे विद्यार्थी एकाच खाटेभोवती येऊ शकतात, तोच प्रसंग दहादा जसाच्या तसा उभा करता येतो, आणि झालेला प्रसंग कुठल्याही कोपऱ्यातून पुन्हा पाहता येतो.

बोलण्याची शिस्त

आभासी खोलीतल्या आपल्या माणसांचे, म्हणजे अवतारांचे, चेहरे बहुधा स्थिर असतात. मान हलवलेली नीट कळत नाही, नजरेचा इशारा तर अजिबात नाही. ही उणीव इथे कामाला येते, कारण बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं. सूचना द्यायची, ऐकणाऱ्याने ती परत म्हणायची, काम झाल्यावर पुन्हा सांगायचं:

“सिस्टर, ॲड्रेनलीन एक मिलीग्रॅम आयव्ही (शिरेतून) द्या.”
“ॲड्रेनलीन एक मिलीग्रॅम आयव्ही, देतेय.”
“दिलं. मागून वीस मिलिलिटर सलाइन सोडलं.”
“नोंद केली, दोन मिनिटं चाळीस सेकंद.”

हे मराठीतच होऊ द्या. महाराष्ट्रातल्या सरकारी वॉर्डात घाईच्या वेळी लोक मराठीच बोलतात. तिथे ‘सिस्टर’, ‘मावशी’, ‘मामा’ अशाच हाका असतात. इंग्रजीत पाठ केलेली वाक्यं घाईत आठवत नाहीत. औषधाचं नाव, मात्रा आणि मार्ग हे तीन शब्द पक्के ठेवायचे, बाकी वाक्य आपल्या भाषेतलं. ‘कुणीतरी लाइन घ्या’ हे वाक्य मात्र बंद. ‘कुणीतरी’ नावाचं माणूस वॉर्डात नसतं. म्हणून प्रत्येक अवताराच्या डोक्यावर नाव आणि भूमिका ठळक देवनागरीत लिहा.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे वरिष्ठाला टोकणं. लीडरने मुद्दाम एखादी चुकीची मात्रा सांगावी असं त्याला आधी गुपचूप सांगून ठेवता येतं. ‘सर, एक मिलीग्रॅम म्हणायचंय का?’ एवढं म्हणायलाही विद्यार्थ्यांची जीभ अडते. अवताराआडून ते म्हणणं थोडं सोपं जातं आणि एकदा म्हटलं की पुढच्या वेळी अजून सोपं. प्रसंग संपल्यावर मात्र ती चूक ठरवून केलेली होती हे सगळ्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर लीडर झालेल्या विद्यार्थ्यावर उगाच ठपका राहतो.

यंत्रं आणि खोली

पाच जणांसाठी सहा हेडसेट लागतात. सहावा आयत्या वेळी बंद पडणाऱ्याच्या जागी. साठ जणांच्या वर्गासाठी साठ घ्यायची अजिबात गरज नाही. पाच जण आत आणि पंधरा-वीस जण निरीक्षक, अशी तुकडी उत्तम चालते. निरीक्षकांना काम हवं. एकाने छाती दाबण्यातले खंड सेकंदांत मोजावे, एकाने परत म्हटलेल्या आणि न म्हटलेल्या सूचनांच्या रेघा ओढाव्या, एकाने फक्त लीडरचे हात बघावे, तो स्वतः कामात गुंततोय का ते.

प्रत्येकासाठी जमिनीवर 2 मीटर बाय 2 मीटरचा चौकोन चिकटपट्टीने आखा आणि चौकोनांमध्ये हातभर अंतर ठेवा. आभासी खोलीत शेजारी उभे असलेले दोघं खऱ्या खोलीत तितक्याच अंतरावर नसतात. प्रत्येक हेडसेट स्वतःचा नकाशा वेगळा धरतो, म्हणून लोक एकमेकांवर आपटतात. सर्वांचा नकाशा एका खुणेला बांधण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती नसेल किंवा तिची खात्री नसेल तर चौकोन हाच भरवशाचा मार्ग.

हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली ओळखतो. कोऱ्या पांढऱ्या भिंती, मोठा आरसा किंवा काचेचं दार असलं की त्याचा गोंधळ होतो आणि आभासी खाट सरकू लागते. भिंतीवर चार-पाच वेगवेगळी पोस्टरं लावा, आरसा झाका. भारतात वीज 50 हर्ट्झची आहे आणि ट्यूबलाइट त्याच्या दुप्पट लयीत लुकलुकतात. मेटा कंपनीच्या क्वेस्टसारख्या हेडसेटमध्ये ट्रॅकिंगची (खोली ओळखण्याची) वारंवारता 50 वर ठेवायची सेटिंग असते, ती एकदा तपासा. आणि हेडसेट कधीही भिंगं वर करून उन्हात ठेवू नका. भिंगातून ऊन आतल्या पडद्यावर एकवटतं, काही क्षणांत पडद्यावर कायमचा डाग पडतो. खिडकीशेजारचं टेबल ही त्यासाठी सर्वांत धोक्याची जागा.

नेटवर्क कुठे अडतं

‘आमचं इंटरनेट इतकं वेगवान नाही,’ ही तक्रार सर्रास ऐकू येते, पण खरी अडचण वेगाची क्वचितच असते. आभासी वॉर्डाचं चित्र प्रत्येक हेडसेट स्वतःच काढतो. नेटवर्कवरून जातं ते फक्त डोकं आणि दोन हात कुठे आहेत एवढंच. एका बिंदूची जागा सांगायला 3 आकडे, दिशा सांगायला 4. तीन बिंदूंचे मिळून 21. प्रत्येक आकडा 4 बाइटचा धरला तर 84 बाइट. सेकंदाला 30 वेळा पाठवले तरी अडीच किलोबाइट होतात. आवाजाला याहून थोडं जास्त लागतं. पाच जणांचं हे सगळं साध्या ब्रॉडबँडवर सहज मावतं. जड जातं ते हेडसेटमधलं दृश्य मोठ्या पडद्यावर दाखवणं, कारण तिथे पूर्ण व्हिडिओ वाहतो. म्हणून पाचही दृश्यं दाखवण्याचा हट्ट नको. एका कोपऱ्यातून संपूर्ण खोली दिसणारं एकच दृश्य दाखवा.

खरं काम अडतं ते तीन ठिकाणी. कॉलेजच्या वाय-फायवर लॉगिनचं पान उघडतं आणि हेडसेटवर ते दर तासाला पुन्हा समोर येतं. दुसरं, सुरक्षेसाठी पुष्कळ नेटवर्कवर एक उपकरण दुसऱ्याला ‘दिसत’ नाही, त्यामुळे पडद्यावर दाखवणं चालतच नाही. तिसरं, शंभर मोबाइल त्याच राउटरवर असतात. यावर एकच उपाय: 5 गिगाहर्ट्झचा स्वतंत्र राउटर, त्याच खोलीत, फक्त हेडसेट आणि शिक्षकाच्या लॅपटॉपसाठी.

वेगापेक्षा महत्त्वाचा आहे उशीर. आवाज एका बाजूने दुसरीकडे पोहोचायला 150 मिलिसेकंदांच्या वर वेळ लागला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर चढू लागतात. एकाच खोलीत बसलेल्या पाच जणांत वेगळाच त्रास होतो. शेजारच्याचा आवाज आधी खराखुरा कानावर येतो आणि लगेच हेडसेटमधून पुन्हा. हे दुहेरी ऐकणं अक्षरशः डोकं उठवतं. एकाच खोलीत असाल तर सॉफ्टवेअरमधला आवाज बंद ठेवा. मग दाराशी पुटपुटणारा नातेवाईक तेवढा हेडसेटमधून यायला हवा, हे आधी तपासून घ्या. दोन वेगळ्या गावांत असाल तर आवाज चालू आणि प्रत्येकाला हेडफोन.

सरावाआधी दोघांनी एकच वस्तू एकाच वेळी उचलून पाहावी. वस्तूचा ‘मालक’ एका क्षणी एकच हेडसेट असतो. रचना कच्ची असेल तर सिरिंज दोघांच्या हातांत उड्या मारते किंवा गायब होते आणि मग सगळा प्रसंग त्या सिरिंजभोवती फिरत राहतो.

मळमळ, चष्मा, स्वच्छता

डोळे सांगतात आपण चालतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण उभे आहोत. या विसंगतीतून मळमळ येते. म्हणून कंट्रोलरच्या दांडीने चालत जाणं बंद ठेवा. ज्याला जिथे उभं राहायचं तिथे थेट उडी घेऊ द्या, किंवा प्रसंगच असा रचा की दोन पावलांत भागेल. पहिल्यांदा घालणाऱ्यांसाठी एका वेळी 15 मिनिटं पुरेत. कपाळावर घाम, जांभया, गप्प होणं ही आधीची लक्षणं आहेत. ती दिसली की हेडसेट काढायला सांगा, ‘थोडं सहन कर’ म्हणू नका. फिट येण्याचा आजार असलेल्यांना निरीक्षकाचं काम द्या.

दोन बुबुळांमधलं अंतर प्रौढांत सरासरी 63 मिलिमीटर असतं, पण माणसागणिक बदलतं. ते हेडसेटवर जुळवलं नाही तर चित्र धूसर दिसतं आणि डोकं दुखतं. चष्मेवाल्यांसाठी पेटीतला स्पेसर (चष्म्यासाठी जागा करणारी चौकट) आठवणीने बसवा, नाहीतर चष्म्याची काच भिंगावर चरे पाडते. भिंगं कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसायची, सॅनिटायझरने नाही. चेहऱ्याला लागणारा भाग सिलिकॉनचा घ्या, प्रत्येक तुकडीनंतर पुसता येतो. बॅटरी साधारण दोन तास चालते, म्हणजे दिवसभरात दोन तुकड्यांच्या मध्ये चार्जिंगची सुट्टी धरूनच वेळापत्रक आखा.

व्हीआर काय शिकवत नाही

छाती दाबणं. हवेत कंट्रोलर खालीवर करून लय मोजता येते, पण 5 सेंटिमीटर खोली आणि छातीचा विरोध हातांना कळत नाही. उलट हवेत दाबायची चुकीची सवय लागू शकते. ते पुतळ्यावरच शिकवा, आधी आणि वेगळं. शीर शोधणं, नळी घालणं यांनाही हेच लागू.

व्हीआरचे पुरावे देताना 2002 साली प्रसिद्ध झालेला येल विद्यापीठातला अभ्यास पुष्कळदा पुढे केला जातो. त्यात व्हीआरवर सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचं काम 29 टक्के लवकर केलं. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण त्यातला सिम्युलेटर पडद्यासमोर बसून दोन अवजारं हलवायचा होता, सहभागी फक्त 16 होते आणि कौशल्य एकट्याच्या हाताचं होतं. हेडसेटमधल्या टीमच्या सरावाला तो आकडा लावणं बरोबर नाही.

नंतरची वीस मिनिटं

एका तुकडीला तास-सव्वा तास धरा. 10 मिनिटं भूमिका आणि नियम समजावणं, 10 मिनिटं हेडसेटची सवय (वस्तू उचलणं, ठेवणं, एकमेकांना हाक मारणं), 10 ते 12 मिनिटं प्रसंग, आणि त्याच्या दुप्पट वेळ चर्चा. वेळ कमी पडला की चर्चाच कापली जाते आणि तिथेच सगळ्यावर पाणी पडतं. प्रसंग छोटा करा, चर्चेला हात लावू नका.

हेडसेट काढल्यावर पाच मिनिटं पाणी आणि मोकळं बोलणं. मग सुरुवात भावनेपासून: “कसं वाटलं?” नंतर विश्लेषण, आणि ते नोंदीवरून. “तिसऱ्या मिनिटाला 18 सेकंद छाती दाबली गेली नाही. त्या वेळी प्रत्येकाच्या डोक्यात काय चाललं होतं?” शिक्षकाने इथे उत्तर द्यायची घाई करू नये. “पोटॅशियमचा रिपोर्ट मी पाहिला होता, पण सरांना माहीत असेलच असं वाटलं” हे वाक्य एखादा विद्यार्थी स्वतःहून बोलतो, त्या वेळी लीडर झालेल्याला विचारा, तुला ते कळायला तू काय करायला हवं होतंस. दोष रिपोर्ट पाहणाऱ्यावर जात नाही, बोलण्याच्या रचनेवर जातो.

त्यानंतर आठवड्याभरात तीच तुकडी पुन्हा आत. या वेळी भूमिका बदललेल्या, आजार वेगळा आणि माहितीचे तुकडे वेगळ्या हातांत. मागच्या वेळी औषधं देणारी सिस्टर आता लीडरच्या जागी, खाटेच्या पायथ्याशी, दोन्ही हात मागे बांधून. निरीक्षकाने पहिलं मोजायचं ते एवढंच: “कुणाला काय दिसतंय?” हा प्रश्न तिने कितव्या सेकंदाला विचारला.